एकतीस वेळा दुप्पट करा आणि एक वजा करा

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक बातमी आली होती, अजूनही अधूनमधून फॉरवर्ड होत फिरत असते, की जगातली आतापर्यंतची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. नीट वाचा हं, संख्या चार कोटी दहा लाख नाहीये, ती लिहायला तेवढे अंक लागतात. वाचणाऱ्यांच्या डोक्यात दोनच प्रश्न येतात: एवढं धूड कुणी आणि कसं तपासलं, आणि याचं करायचं काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण चार कोटी अंकांच्या आकड्यावर काही समजावून सांगणं म्हणजे डोंगराला मिठी मारण्यासारखं आहे, म्हणून मी त्याच घराण्यातला एक लहान, दहा अंकी सदस्य घेतो: २१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हा पाठ असतो, बाकीच्यांनी कधीतरी एखाद्या एरर मेसेजमध्ये ओझरता बघितला असेल. आणि या एका आकड्याचं बघून झालं की त्या अवाढव्य भावंडाचंही बरंचसं कळतं, कारण दोघांची घडण एकच आहे.

मूळ संख्या म्हणजे काय, ते आधी उरकून घेऊ

१२ खुर्च्या असतील तर त्या ३-३ च्या चार रांगांत लागतात, ६-६ च्या दोन रांगांत लागतात. १३ खुर्च्या घ्या आणि करा काय करायचं ते, एकच लांबलचक रांग होते, चौकोन काही जमत नाही. जिच्या खुर्च्यांचा चौकोन होत नाही, म्हणजे १ आणि स्वतः सोडून जिला कशानेच निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. चौकोन होतो ती संयुक्त. (१ ला दोन्हीकडे प्रवेश नाही, तो वेगळाच.)

२१४७४८३६४७ खुर्च्या एकाच रांगेत लावाव्या लागतात. हे आपल्याला माहीत कसं, तो खरा मुद्दा.

हा आकडा बनतो कसा

१ पासून सुरू करा आणि दुप्पट करत जा: २, ४, ८, १६, ३२... एकतीस वेळा दुप्पट केलं की २१४७४८३६४८ येतं. एक वजा करा, झाला आपला आकडा. थोडक्यात लिहायचं तर २^३१ − १, त्या टोपीचा अर्थ ‘२ ला स्वतःशीच इतक्या वेळा गुणलं’ एवढाच. दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याच्या नावावरून. २०२४ चा विक्रमवीर म्हणजे २^१३६२७९८४१ − १, बास.

ही घडण कम्प्युटरच्या भाषेत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं की एकदम डोळ्यासमोर येते. ७ म्हणजे १११. ६३ म्हणजे सहा एकं, १११ १११ (सात लिहिली तर १२७ होतं, हे माझं दर वेळी चुकतं). आणि आपला आकडा म्हणजे सलग एकतीस एकं.

आता गंमत बघा. सहा एकं मी मुद्दाम तीन-तीनच्या दोन गठ्ठ्यांत लिहिली. १११ ला १००१ ने गुणलं की १११ १११ येतं, विश्वास नसेल तर नेहमीच्या पद्धतीनेच गुणून बघा, १११ × १००१ = ११११११. ० आणि १ च्या भाषेतही अगदी हेच होतं, तिथे तो गुणाकार ७ × ९ = ६३ असा असतो. म्हणजे एकांचे सारखे गठ्ठे पाडता आले की संख्या फुटलीच. एकं एकतीस असतील तर सारखे गठ्ठे पडतच नाहीत, कारण ३१ स्वतः मूळ आहे. म्हणून पहिली अट ही की वरचा घात मूळ हवा. दहा अंकी आकड्याबद्दलचा प्रश्न आपण दोन अंकी आकड्याला विचारला आणि अर्धं उत्तर मिळवलं.

अर्धंच का? कारण ही अट पुरेशी नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. गठ्ठ्यांनी फुटली नाही, भलत्याच ठिकाणी फुटली.

कम्प्युटर नव्हता तेव्हा हे तपासलं कुणी?

लिओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने. १७७२ पर्यंत त्याने हे सिद्ध करून टाकलं होतं, आणि तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती हे लक्षात ठेवा.

सरळसोट रस्ता कोणता? आकड्याचं वर्गमूळ येतं ४६३४० च्या किंचित वर. संख्या दोन तुकड्यांत फुटत असेल तर धाकटा तुकडा याच्या आतच असणार, दोन्ही याच्यापेक्षा मोठे असते तर गुणाकार पुढे गेला असता. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या आहेत पावणेपाच हजारांवर. एवढे भागाकार करत बसायचं म्हणजे आयुष्यातले कित्येक महिने गेले.

इथे पुन्हा घडण मदतीला येते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने आधीच दाखवून ठेवलं होतं की २^३१ − १ ला भागणारी मूळ संख्या असलीच तर ती ६२ च्या पटीपेक्षा एकने जास्त असणार (६२ म्हणजे दोनदा ३१). २०४७ वर ताडून बघा, तिथे घात ११, म्हणून २२ ची पट अधिक एक: २३ = २२ + १, ८९ = ८८ + १, बरोबर बसतं. ऑयलरने त्यावर दुसरी चाळण लावली, की भागणाऱ्या संख्येला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. ६३ सोडली (ती ७ × ९, म्हणजे संयुक्तच), तर दोन्ही चाळण्यांतून खाली पडतात त्या संख्या अशा: २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३... दोन माळा आहेत, एक २४८ च्या पटीत १ मिळवून, दुसरी २४८ च्या पटीत ६३ मिळवून, आणि ४६३४० पर्यंत प्रत्येकीत १८६ मणी. एकूण ३७२. पावणेपाच हजारांवरून ३७२! त्यातही बऱ्याच स्वतःच संयुक्त आहेत, वरच्या दहांमध्ये मूळ फक्त ३११ आणि १३०३.

३११ ने आपणच भागून बघू, आणि तेही मोठ्या आकड्याला हात न लावता. २^८ = २५६. त्याचा वर्ग ६५५३६, त्याला ३११ ने भागलं तर बाकी २२६, म्हणजे २^१६ ची बाकी २२६. त्याला परत २५६ ने गुणा, ५७८५६, बाकी १०. हे झालं २^२४. अजून सात वेळा दुप्पट करायचंय, म्हणजे १२८ ने गुणायचं: १२८०, बाकी ३६. एक वजा करा, ३५. शून्य नाही, म्हणजे ३११ ने भाग जात नाही. चार ओळींत काम झालं आणि पाच अंकांच्या पुढे जावं लागलं नाही. (मी १३०३ चंही केलं, बाकी २२६ आली, पण दोनदा चुकून तिसऱ्यांदा. तेव्हा ऑयलरबद्दलचा आदर वाढला.)

अशी सगळी यादी संपली, कुठेच शून्य आलं नाही, म्हणजे संख्या मूळ. हा अंदाज नाही, ही सिद्धता आहे.

पण जुन्या लोकांचे अंदाज चुकलेही असतील की

चुकलेच होते, आणि भरपूर. इटलीच्या पिएत्रो काताल्दीने ऑयलरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी १७ आणि १९ घातांचं काम बरोबर केलं आणि मग जोशात येऊन २३, २९, ३१, ३७ या घातांच्याही संख्या मूळ म्हणून जाहीर केल्या. चारातली एकच बरोबर निघाली, आपली ३१ वाली. २^२३ − १ तर चक्क ४७ ने फुटते. खुद्द मर्सेनने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली, तिच्यात ६७ आणि २५७ चुकीचे, आणि ६१, ८९, १०७ गाळलेले. तरी घराण्याला नाव त्याचंच लागलं, असो.

त्या ६७ ची गोष्ट मला फार आवडते. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की २^६७ − १ संयुक्त आहे, पण ती कशाने फुटते ते त्याला माहीत नव्हतं. लोक इथे अडतात, की तुकडे दाखवता येत नाहीत तर फुटते हे कसं म्हणता? एखादं भांडं वाजवून तडा आहे हे कळतं पण तडा कुठे आहे ते दिसत नाही, तसंच हे. मूळ संख्येने जी परीक्षा पास व्हायलाच हवी ती नापास झाली, म्हणजे ती मूळ नाही, विषय संपला. तुकडे १९०३ मध्ये फ्रँक कोल या अमेरिकन गणितज्ञाने दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. असं सांगतात की तो फळ्याजवळ गेला, एका बाजूला २^६७ − १ काढलं, दुसरीकडे हा गुणाकार केला, दोन्ही उत्तरं जुळली, आणि एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला.

मग या आकड्याला आणखी कुठली लेबलं लागतात?

गणितवाल्यांना संख्यांचे गट पाडायचा भारी नाद. काही गट खोलवरचे असतात, काही नुसते हौसेचे, आणि माझ्या मते यातला फरक कळणं जास्त कामाचं आहे.

हौसेचा नमुना: द. रा. कापरेकरांची हर्षद संख्या, म्हणजे जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. आपल्या आकड्याच्या अंकांची बेरीज ४६, आणि मूळ संख्येला ४६ ने भाग जाणारच नाही, त्यामुळे ती हर्षद नाही. एक अंकी सोडल्या तर कुठलीच मूळ संख्या हर्षद नसते. हे लेबल दिसायला गोड आहे, पण ते आपण दहाच्या पद्धतीने लिहितो म्हणून लागतं, दुसऱ्या पद्धतीने लिहा, लेबल बदललं. जुळी मूळ आहे का, म्हणजे दोनने पुढे किंवा मागे दुसरी मूळ संख्या आहे का? नाही. मागे २१४७४८३६४५, शेवटी ५. पुढे २१४७४८३६४९, अंकांची बेरीज ४८, तीनने फुटली. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, जसं १३ = ४ + ९? तीही नाही, कारण ४ ने भागून बाकी ३ उरते, आणि अशा कुठल्याच संख्येला ते जमत नाही.

खोलवरचं लेबल हे: ही परिपूर्ण संख्येची आई आहे. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच, ६ = १ + २ + ३, तसंच २८. युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की मर्सेन मूळ संख्येला तिच्या घाताहून एक कमी इतक्या वेळा दुप्पट करा, परिपूर्ण संख्या मिळते. ३ ला एकदा दुप्पट केलं, ६. ७ ला दोनदा, २८. आपल्या आकड्याला तीस वेळा दुप्पट केलं की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. आणि ऑयलरने उलट बाजू सिद्ध केली, की सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या रस्त्याने येतच नाहीत. विषम परिपूर्ण संख्या आहे की नाही, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

१८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं की शोधल्या जाणाऱ्यांत ही परिपूर्ण संख्या सगळ्यात मोठी राहील, कारण असल्या संख्या फक्त मौजेच्या, उपयोग काही नाही, तेव्हा यापुढे कोण कशाला जाईल. ६५ वर्षांत ल्युका २^१२७ − १ घेऊन पुढे गेला. उपयोग नाही म्हणून लोक थांबतील हे गृहीतकच मुळात चुकीचं.

कम्प्युटरमध्ये हाच आकडा सारखा दिसतो तो मूळ आहे म्हणून का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. बऱ्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये पूर्णांक ठेवायला ३२ घरं असतात, एक घर अधिक-उणे चिन्हासाठी जातं, उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ भरला की सगळ्यात मोठा आकडा होतो, तो हा. मूळ निघाला हा निव्वळ योगायोग. ६४ घरांचा हिशोब धरला तर सगळ्यात मोठा आकडा २^६३ − १, आणि ६३ चे तीन-तीनचे गठ्ठे पडतात, म्हणजे तो ७ ने फुटणार हे न बघताच सांगता येतं.

गाडीचं किलोमीटरचं मीटर सगळे ९ झाले की परत शून्यावर येतं ना, तसंच इथे. पण चिन्हाच्या घरामुळे शून्यावर न येता थेट उणे २१४७४८३६४८ वर उडी. २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याच्या व्हिडिओचे व्ह्यूज या हद्दीपाशी आले आणि यूट्यूबने आपला काउंटर ६४ घरांचा केल्याचं सांगितलं. त्याहून गंभीर प्रकरण पुढे आहे. कित्येक सिस्टिम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले अशी. २१४७४८३६४७ वा सेकंद पडेल १९ जानेवारी २०३८ ला, ग्रीनिचच्या वेळेने पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला ३२ घरांच्या सिस्टिमला वाटेल की आज १३ डिसेंबर १९०१ आहे. नवीन सिस्टिम ६४ घरांवर गेल्यात, पण कुठल्यातरी यंत्राच्या पोटात वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली चिप असतेच, काळजी तिची आहे.

मग मूळ असण्याचा काहीच फायदा नाही?

आहे, आणि तो मजेशीर आहे. कम्प्युटरला ‘कुठलाही एक आकडा काढ’ सांगितलं तर त्याला ते येत नाही, तो हिशोबच करतो, फक्त हिशोब असा की उत्तरं अस्ताव्यस्त दिसावीत. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या दोघांनी सुचवलेली रीत बघा: आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या, परत तेच. १ पासून निघालात तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८ असं चालू होतं. भाजक मूळ आहे आणि १६८०७ नीट पारखून निवडलाय, त्यामुळे १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही. पासवर्ड बनवायला मात्र ही रीत वापरू नका, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

चार कोटी अंकांच्या संख्येचा थेट उपयोग विचाराल तर शून्य, उगाच गुपित-बिपित सांगत नाही. नेटवरच्या व्यवहारांची कुलपं मूळ संख्यांवर चालतात हे खरं, पण तिथे शेकडो अंकांच्या पुरतात. या शोधातून हाताला लागतं ते वेगळंच, २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष मर्सेन संख्या तपासणाऱ्या प्रोग्रॅममुळेच उघडा पडला होता.

आणि ते धूड तपासलं कसं?

भागाकार करून तर नाहीच, तेवढा वेळ विश्वाकडे पण नाही. ल्युकाची रीत, पुढे लेमरने सोपी केलेली, अशी आहे: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या, पुन्हा वर्ग करा, २ वजा करा... घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर मूळ, नाही तर संयुक्त. ३१ साठी (२^५ − १) करून बघा, तीन फेऱ्या: ४ वरून १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ० आली, मूळ! २^३१ − १ साठी २९ फेऱ्या लागतात. २०२४ वालीसाठी साडेतेरा कोटींवर फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत चार कोटी अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. ल्यूक ड्युरंट नावाच्या माणसाने देशोदेशीच्या ग्राफिक्सच्या चिपा क्लाउडवर भाड्याने घेऊन हे चालवलं, आधी एका चिपेने ‘बहुतेक मूळ’ असा कौल दिला आणि मग याच ल्युका-लेमर रीतीने त्यावर शिक्का बसला.

शेवटी साहजिक खाज सुटते: २१४७४८३६४७ स्वतः मूळ आहे, मग त्यालाच घात केला तर? म्हणजे २^२१४७४८३६४७ − १. ही लिहायला ६४ कोटींहून जास्त अंक लागतात, २०२४ च्या विक्रमापेक्षा पंधरा पटींनी लांब. ३ घातावर ७ येतं, ते मूळ. ७ घातावर १२७, तेही मूळ. त्यामुळे इथेही तसंच होईल अशी आशा वाटते, पण नाही, ही फुटते. फर्माचा नियम आठवतो ना, घाताच्या दुपटीची पट अधिक एक? २१४७४८३६४७ ची दुप्पट करा, ६८७४५ ने गुणा, एक मिळवा: २९,५२,५७,५२,६६,२६,०३१. या पंधरा अंकी संख्येने त्या ६४ कोटी अंकांना निःशेष भाग जातो.